नाही म्हणणारं लोखंड

1859 साल सरत आलं होतं. लंडनच्या उत्तर भागात केंटिश टाउन इथं हॅम्पस्टेड जंक्शन रेल्वेचा नवा मार्ग जुन्या मार्गाला येऊन मिळत होता. रूळ टाकून झाले होते, सिग्नलचे खांब उभे होते, गाड्या सुरू करायची घाई होती. राहिली होती फक्त सरकारी तपासणी. ती करायला आले कर्नल विल्यम योलंड. मूळचे लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स पथकातले, आता बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याचे रेल्वे निरीक्षक.

सिग्नल चालवण्यासाठी फाट्यावर एक चौकट बसवली होती. तिच्यात घोड्याच्या खोगिराला असतात तशा लोखंडी रिकिबी होत्या. पायानं रिकीब दाबली की तार ओढली जायची आणि खांबावरचा हात खाली यायचा. एक रिकीब पूर्ण दाबलेली असताना तिच्या विरोधातली दुसरी दाबता येऊ नये, अशी रचना होती. कागदावर सगळं ठीक होतं. योलंडनी मात्र नेमकी मेख शोधली. दोन्ही रिकिबींवर अर्धवट भार दिला, तर एकमेकांविरुद्धचे दोन सिग्नल अर्धे-अर्धे झुकत होते. अंधारात, धुक्यात, इंजिनाच्या फलाटावरून अर्धा झुकलेला हात म्हणजे ‘या’ की ‘थांबा’ हे ड्रायव्हरनं कसं ठरवायचं? शिवाय सिग्नल आणि गाडीची वाट बदलणारे रुळांचे सांधे यांची एकमेकांशी पक्की सांगड नव्हतीच. योलंडनी परवानगी नाकारली.

त्यांच्या हातात एवढंच होतं. 1842 च्या कायद्यानं निरीक्षकाला नवा मार्ग असुरक्षित वाटला तर त्याचं उद्घाटन लांबवायचा अधिकार दिला होता. चालू असलेल्या जुन्या मार्गांवर अमुक यंत्र बसवा, असं सांगायची सत्ता त्याला नव्हती. केंटिश टाउनचा फाटा नवा होता म्हणूनच कंपनीला ऐकणं भाग पडलं. ऑस्टिन चेंबर्स नावाच्या माणसानं चौकटीची रचना बदलली. आता आधी सांध्याचा लिव्हर पुरता शेवटपर्यंत जायचा, मगच त्याचा सिग्नल मोकळा व्हायचा. आणि सिग्नल एकदा ओढला की सांधा जागीच जखडला जायचा. 2 जानेवारी 1860 ला मार्ग सुरू झाला. त्याच वर्षी चेंबर्सनं पेटंट घेतलं. रेल्वेच्या भाषेत ज्याला इंटरलॉकिंग म्हणतात, त्याची खरी सुरुवात बहुतेक इतिहासकार इथंच मानतात.

या यंत्राचं वैशिष्ट्य असं, की ते सांधेवाल्याला काय करायचं हे कधीच सांगत नाही. कुठली गाडी आधी घ्यायची, कुठली थांबवायची, हे सगळं माणसानं ठरवायचं. यंत्र फक्त नकार देतं. पुढच्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या नकाराची हद्द कुठवर पोचते आणि कुठं संपते, याचा इतिहास आहे. हद्द संपते तिथं माणसं मेली आहेत.

उंच टोपीतले पोलीस

1830 मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग सुरू झाला तेव्हा सिग्नल नव्हतेच. रुळाकडेला कंपनीचे पोलीस उभे असत आणि हातवारे करून गाडी सोडत किंवा थांबवत. पुढची गाडी जाऊन किती मिनिटं झाली, एवढाच काय तो हिशेब. इंग्लंडमधले जुने रेल्वेवाले सिग्नलमनला पोलिसाच्या टोपणनावानं ‘बॉबी’ म्हणतात, ते तेव्हापासून. 1841 च्या सुमारास चार्ल्स हटन ग्रेगरी या इंजिनिअरनं न्यू क्रॉस इथं खांबावर हलणारा हात बसवला. सेमाफोर सिग्नल आला.

पण सिग्नल एकीकडे, सांधे दुसरीकडे. प्रत्येक सांध्याशेजारी त्याचा स्वतंत्र दांडा. सांधेवाला दिवसभर एका दांड्याकडून दुसऱ्याकडे आणि तिथून सिग्नलच्या खांबाकडे धावायचा. 1846 च्या सुमारास एडिंबरोजवळच्या एका सांधेवाल्यानं दोन सिग्नलांमधली पायपीट वाचवायला दूरच्या सिग्नलाला तार बांधली, तिला वजन म्हणून रुळाखालचा एक तुटका लोखंडी तुकडा लटकवला आणि जागेवर बसून दोन्ही सिग्नल चालवू लागला, अशी एक गोष्ट रेल्वेच्या इतिहासात नेहमी सांगतात. दूरवरचं काम एका जागेवरून करायची सोय आळसातून आली की शहाणपणातून, हे आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवावं. पण त्या सोयीतच धोका होता. धावत जाऊन सांधा बदलणारा माणूस निदान तो सांधा डोळ्यांनी बघायचा. खोलीत बसून दांडे ओढणारा माणूस फक्त दांडे बघतो.

ग्रेगरीनंच 1843-44 मध्ये लंडनजवळच्या ब्रिकलेयर्स आर्म्स जंक्शनवर सगळ्या सिग्नलांच्या तारा एका चौथऱ्यावर आणल्या आणि रिकिबींची ती चौकट बसवली. तिथं सिग्नल एकमेकांना अडवत, पण सांधे वेगळ्या दांड्यांवर होते. सिग्नल डावीकडचा मार्ग दाखवतोय आणि सांधा उजवीकडे वळलेला, असं घडायला काहीच हरकत नव्हती.

इंग्लंडमध्ये ही सांगड पहिल्यांदा घातली जॉन सॅक्स्बीनं. जन्म 1821, गाव ब्रायटन, पेशा सुतारकाम. लहान वयात उमेदवारी करून तो लंडन-ब्रायटन रेल्वेच्या कारखान्यात लागला होता. 1856 मध्ये त्यानं सांधे आणि सिग्नल एकाच वेळी हलवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि ब्रिकलेयर्स आर्म्सलाच ते बसलं. एक दांडा ओढला की सांधाही फिरायचा आणि त्याचा सिग्नलही पडायचा. कल्पना सुरेख, पण त्यात अजून एक छिद्र होतं. दोन्ही गोष्टी एकत्र हलत असल्यामुळे सांधा पुरता बसायच्या आधीच सिग्नल ‘या’ म्हणू शकत होता. केंटिश टाउननं या ‘एकाच वेळी’च्या जागी ‘आधी आणि मग’ आणलं. जुन्या वाड्याच्या दोन फळ्यांच्या दारात एक फळी आधी मिटावी लागते, मगच दुसरी तिच्यावर बसते. तसा क्रम लोखंडात ओतला गेला. सॅक्स्बीनंही 1860 मध्येच सुधारित पेटंट घेतलं. मग ब्रायटन रेल्वेतल्याच जॉन फार्मरला भागीदार करून त्यानं लंडनच्या किल्बर्न भागात कारखाना काढला. ‘सॅक्स्बी अँड फार्मर’ हे नाव पुढं जगभरच्या सिग्नल केबिनमधल्या दांड्यांवर दिसू लागलं.

चार दांडे, सोळा शक्यता

हे यंत्र विचार कसं करतं, हे समजायला मोठं जंक्शन नको. एक साधा फाटा घेऊ. गाडी येते आणि तिला दोन वाटा आहेत: सरळ मुख्य मार्ग, किंवा वळून शाखा.

केबिनमध्ये चार लिव्हर. 1 नंबर हा मुख्य मार्गाचा सिग्नल. 2 नंबर शाखेचा सिग्नल. 3 नंबर सांधा: जागेवर असेल तर वाट सरळ, ओढला तर शाखेकडे. 4 नंबर हा सांध्याचा अडसर. तो ओढला की एक लोखंडी खिटी सांध्याच्या जिभा (हलणारे निमुळते रूळ) जोडणाऱ्या पट्टीतल्या खाचेत घुसते आणि सांधा हलूच शकत नाही. लाल रंग सिग्नलच्या लिव्हरला, काळा सांध्याला, निळा अडसराला, पांढरा वापरात नसलेल्या लिव्हरला. ही रंगांची रीत आपल्याकडच्या केबिनमध्येही होती.

प्रत्येक लिव्हरच्या दोन अवस्था: जागेवर किंवा ओढलेला. चार लिव्हर म्हणजे एकूण सोळा शक्यता. आता नियम घालू. अडसर घातल्याशिवाय कुठलाच सिग्नल पडू नये. अडसर असताना सांधा हलू नये. सांधा सरळ असेल तरच 1 निघावा, वळलेला असेल तरच 2. एवढे नियम लावले की सोळांपैकी सहाच अवस्था उरतात. या सहांमधली खरी गंमत अशी, की त्या एका सरळ ओळीत येतात. एकीतून दुसरीत जायला प्रत्येक वेळी एकच वाट. मुख्य मार्गाचा सिग्नल पडलेला असताना शाखेची गाडी घ्यायची असेल, तर 1 परत, 4 परत, 3 ओढा, 4 ओढा, 2 ओढा. पाच हालचाली, एकच क्रम. सांधेवाल्यानं नियमपुस्तक वाचलेलं नसलं, झोपेत असला, दारू प्यायलेला असला, तरी दुसऱ्या कुठल्याही क्रमानं ते दांडे हलत नाहीत.

दहा लिव्हर झाले की शक्यता 1,024 होतात. यॉर्कच्या लोकोमोटिव्ह यार्ड केबिनमध्ये 295 लिव्हर होते. श्रूजबरीच्या सेव्हर्न ब्रिज जंक्शन केबिनमध्ये 180 लिव्हरची चौकट आहे. तिथल्या शक्यतांची संख्या लिहायची म्हटली तर ओळभर आकडे लागतील, आणि त्यांतल्या धोक्याच्या प्रत्येक अवस्थेला त्या चौकटीतलं लोखंड आडवं येतं. जॉर्ज बूलचा तर्काच्या बीजगणितावरचा ग्रंथ 1854 चा आणि सॅक्स्बीचं पेटंट 1856 चं. एकानं ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचं गणित कागदावर मांडलं; दुसरा सुतार होता, त्यानं दोनच वर्षांनी त्यातलं ‘नाही’ लोखंडात घडवलं.

खाच आणि खुंटी

ते घडलं कसं, हे केबिनच्या जमिनीखाली किंवा लिव्हरच्या पायाशी असलेल्या पेटीत बघायला मिळतं. सुरुवातीच्या रचना बोजड होत्या, हलत्या भागांचं जंगल. 1870 मध्ये स्टीव्हन्स कंपनीच्या जेम्स डीकिननं टॅपेट लॉकिंगचं पेटंट घेतलं, आणि पुढं जगभर तीच पद्धत रुळली.

प्रत्येक लिव्हरला एक सपाट लोखंडी पट्टी जोडलेली असते. तिला टॅपेट म्हणतात. लिव्हर ओढला की पट्टी आपल्या लांबीच्या दिशेनं सरकते. पट्टीच्या कडेला तिरप्या बाजूंच्या खाचा कापलेल्या असतात. पट्ट्यांच्या मधल्या चरांमध्ये आडव्या सरकणाऱ्या खुंट्या असतात, त्यांची टोकं खाचेत बरोबर बसतील अशी निमुळती. रेल्वेचे कारागीर त्यांना डॉग म्हणतात.

समजा 1 आणि 2 यांच्यामध्ये अशी एक खुंटी आहे, तिचं एक टोक 1 च्या खाचेत बसलंय. 1 ओढायला गेलं की खाचेची तिरपी बाजू खुंटीला बाजूला ढकलते आणि तिचं दुसरं टोक 2 च्या पट्टीतल्या खाचेत शिरतं. आता 2 हलणार नाही. त्याच्या खाचेत खुंटी आहे, आणि खुंटीच्या मागं 1 ची सपाट कड उभी असल्यानं ती परतही जाऊ शकत नाही. उलट 2 आधीच ओढलेला असेल, तर त्याची खाच पुढं सरकून गेलेली असते. खुंटीला शिरायला जागाच नाही, म्हणून ती हटत नाही, म्हणून 1 जागचा हलत नाही. 1 नं 2 ला अडवलं की 2 आपोआप 1 ला अडवतो; त्यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही. खाच कुठं कापायची एवढ्यावर सगळं ठरतं. लिव्हर जागेवर असताना खुंटीसमोर येईल अशी खाच कापली तर तो जागेवर जखडतो. ओढल्यावर समोर येईल अशी कापली तर आधी तो ओढावाच लागतो. आणि दोन खाचा कापल्या तर तो जिथं असेल तिथंच अडकतो, आपल्या उदाहरणातला 4 जसा 3 ला दोन्हीकडे अडकवतो तसा.

कोणी कोणाला अडवायचं याचा तक्ता, म्हणजे लॉकिंग टेबल, आधी कागदावर बनतो. त्यावरून खाचांचा आणि खुंट्यांचा नकाशा. मग कानस आणि छिन्नी घेऊन कारागीर तो नियम लोखंडात कोरतो.

आणखी एक बारकावा. लांबलचक लिव्हर जोर लावून ओढला तर खुंटी झिजेल, वाकेल, आणि झिजलेली खुंटी म्हणजे सैल झालेला नियम. म्हणून काही रचनांमध्ये लिव्हरच्या मुठीजवळच्या खटक्यालाच लॉकिंग जोडलं. ओढायच्या आधी खटका दाबावा लागतो. मनाई असेल तर खटकाच दाबला जात नाही. मनगटाच्या जोरापलीकडचा भार लॉकिंगवर येतच नाही. शिवाय लिव्हर हलायला लागायच्या आधीच विरोधातले सगळे लिव्हर अडकतात, आणि तो पुरता पोचून खटका पडेपर्यंत त्याच्यावर अवलंबून असलेले मोकळे होत नाहीत. अर्धवट दाबायची जागाच बुजवली गेली.

माणूस निष्काळजी होईल म्हणून

इतकं सगळं हाताशी असताना ते सगळीकडे बसायला तीस वर्षं लागली. खर्च हे एक कारण होतंच. पण कंपन्यांनी जाहीरपणे मांडलेला युक्तिवाद वेगळा होता: यंत्र चूक होऊ देणार नाही असं कळलं की सांधेवाला बेफिकीर होईल, म्हणून खरी सुरक्षितता माणसाच्या सावधपणातच आहे. निरीक्षक कॅप्टन हेन्री टायलर आणि त्यांचे सहकारी एकामागून एक अपघातांच्या अहवालांत या मुद्द्याला उत्तर देत राहिले. दिवसाला बारा-बारा तास राबवलेल्या माणसाच्या सावधपणावर ज्यांचा एवढा विश्वास, ते अपघातानंतर त्याच माणसाला कोर्टात उभं करत, ही विसंगती कुणाच्याही लक्षात यावी.

1873 मध्ये संसदेनं एक छोटा कायदा केला. इंटरलॉकिंग बसवाच असं त्यात म्हटलेलं नव्हतं. किती बसवलं याचे आकडे दर वर्षी सरकारला द्या, एवढंच. आकडे छापले जाऊ लागले, कंपन्यांची तुलना होऊ लागली, आणि लाजेकाजेनं काम वेग घेऊ लागलं.

सक्ती आली ती आयर्लंडमधून. 12 जून 1889 ला आर्मा इथून रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहलीची गाडी निघाली. चढावर इंजिन थकलं, गाडी दोन भागांत तोडून न्यायचं ठरलं, मागच्या डब्यांचा ब्रेक धरू शकला नाही आणि ते उतारावरून मागं घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसं गेली, त्यांत मुलं कितीतरी. या अपघाताचा इंटरलॉकिंगशी थेट संबंध नव्हता. ब्रेक आणि दोन गाड्यांमधलं अंतर हे तिथले दोष. पण संतापाच्या लाटेत त्याच वर्षी जो कायदा झाला त्यानं तिन्ही गोष्टी एकदम सक्तीच्या केल्या: प्रवासी मार्गांवर दोन गाड्यांमध्ये अंतर राखणारी ब्लॉक पद्धत, सांधे-सिग्नलांचं इंटरलॉकिंग, आणि गाडीभर चालणारा आपोआप लागणारा ब्रेक. निरीक्षक तीस वर्षं जे मागत होते, ते मुलांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांत मंजूर झालं.

दांडा आणि रूळ यांच्यामधलं अंतर

चौकटीच्या आत यंत्र निर्दोष होतं. पण चौकटीला ठाऊक असतात ते फक्त दांडे. दांड्याच्या पलीकडं सळई आहे, सळईच्या पलीकडं सांधा, आणि सांध्यावर गाडी. या प्रत्येक टप्प्यावर यंत्राची समजूत आणि वस्तुस्थिती वेगळी पडू शकते.

पहिला टप्पा सळईचा. केबिनपासून सांध्यापर्यंत शेकडो फूट लोखंडी सळया रुळाकडेनं कप्प्यांवरून जातात. उन्हात त्या लांब होतात, थंडीत आखडतात. म्हणून मध्यावर एक उलटा फिरणारा जोड घालतात. त्याच्या एका बाजूची सळई ढकलली जाते तेव्हा दुसऱ्या बाजूची ओढली जाते, त्यामुळे दोन्हीकडची वाढ एकमेकांना खाऊन टाकते. तरीही सळई मोडू शकते, जिभेत खडी अडकू शकते. दांडा पुरता फिरला, पण जीभ अर्धा इंच उघडी राहिली, तर चौकटीला पत्ता नाही. म्हणूनच सांधा केबिनपासून किती दूर असावा याला इंग्लंडमध्ये सरकारी मर्यादा होती. ती वाढत वाढत 1925 मध्ये साडेतीनशे यार्डांवर गेली. आणि म्हणूनच डिटेक्टर आला. सिग्नलकडे जाणारी तार सांध्याजवळच्या एका खाचेच्या पट्टीतून नेतात. जीभ रुळाला पुरती चिकटलेली असेल तरच खाचा जुळतात आणि तार सरकते. इथं दांड्याला न विचारता थेट सांध्यालाच विचारलं जातं.

दुसरा टप्पा गाडीखालचा. ऑगस्ट 1873 मध्ये विगन इथं स्कॉटलंडकडे निघालेल्या प्रवासी गाडीचे मागचे डबे सांध्यावर घसरले आणि तेरा जण ठार झाले. धावत्या गाडीखाली सांधा हलला तर काय होतं, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही. त्याचं उत्तर शुद्ध लोखंडी होतं. रुळाच्या आतल्या बाजूला एक लांब पट्टी बसवायची आणि अडसराच्या लिव्हरला जोडायची. अडसर काढायचा तर ती पट्टी रुळाच्या माथ्यापर्यंत उचलली गेलीच पाहिजे. वर चाकं असतील तर ती उचलली जात नाही, आणि अडसर निघत नाही. पट्टीची लांबी डब्याच्या दोन चाकांमधल्या सर्वांत मोठ्या अंतराहून जास्त हवी, नाहीतर ती नेमकी दोन चाकांमधल्या मोकळ्या जागेत वर येईल. डबे लांब होत गेले, तशा पट्ट्याही.

तिसरा टप्पा सर्वांत अवघड: नुसती उभी असलेली गाडी. 22 मे 1915 च्या सकाळी स्कॉटलंडच्या सीमेवर क्विंटिन्सहिल केबिनसमोर एक लोकल गाडी मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट द्यायला उलट्या दिशेच्या मुख्य रुळावर घेतलेली होती. ड्यूटी बदलत होती. नवा सिग्नलमन त्याच लोकलच्या इंजिनावरून कामावर आला होता. काही मिनिटांत तो ती गाडी विसरला. खिडकीतून दिसणारी गाडी. रूळ अडवलाय याची आठवण म्हणून लिव्हरवर अडकवायची लोखंडी कडी अडकवलेली नव्हती. समोरून सैनिकांची गाडी आली, त्यानं सिग्नल दिला. लोकल मागं घेण्यासाठी वापरलेले सांधे केव्हाच जागेवर गेले होते. चौकटीच्या दृष्टीनं मार्ग सरळ आणि मोकळा होता, त्यामुळे नकार द्यायला तिच्याकडे कारणच नव्हतं. धडकेनंतर काही क्षणांत दुसऱ्या बाजूनं एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यावर आली. गॅसच्या दिव्यांचे लाकडी डबे पेटले. दोनशेहून अधिक माणसं गेली, त्यांतले बहुतेक रॉयल स्कॉट्स पलटणीचे जवान होते. ब्रिटनच्या रेल्वे इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात.

चौकट निर्दोष चालत होती. तिला उभी गाडी दिसत नव्हती, आणि या अडचणीचं उत्तर अमेरिकेत विल्यम रॉबिन्सननं 1872 मध्येच पेटंट केलेलं होतं. रुळांमधूनच बारीक वीजप्रवाह सोडायचा. रुळावर चाक आलं की प्रवाह आखूड वाटेनं परत फिरतो आणि दुसऱ्या टोकाचा रिले (विजेनं चालणारी कळ) पडतो. रिले पडला की सिग्नलचा लिव्हर अडकतो. रूळ तुटला, बॅटरी संपली, तार निखळली तरीही रिले पडतोच. बिघाड झाला की नकार, हे तत्त्व इथून सिग्नलच्या साऱ्या शास्त्राचा पाया झालं. आता यंत्राला गाडी ‘दिसू’ लागली. पण हे बसवायला पुन्हा काही दशकं गेली.

किल्ली घेऊन चालणारा माणूस

भारतात 1853 मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, तेव्हा इंग्लंडमध्येच इंटरलॉकिंग नव्हतं. इथं ते यायला आणखी चाळीस वर्षं गेली. 1890 च्या दशकात नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर, गाझियाबादहून पंजाबकडे जाणाऱ्या मार्गावर, लिस्ट आणि मोर्स या दोघांच्या नावानं ओळखली जाणारी स्वस्त आणि सुटसुटीत पद्धत बसवली गेली. इथली गरजही वेगळी होती: एकेरी मार्ग, विरळ गाड्या, एकमेकांपासून लांब स्थानकं. शेदीडशे लिव्हरच्या केबिनचा खर्च अशा ठिकाणी कोण करणार?

म्हणून छोट्या स्थानकांवर किल्लीनं काम भागवलं. सांध्याला कुलूप. सांधा नीट बसून अडसर पडला तरच त्या कुलपातून किल्ली निघते. सांधेवाला ती घेऊन स्टेशन मास्तरकडे चालत जातो. ती किल्ली तिथल्या कुलपात फिरवल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर सुटत नाही, आणि सिग्नल परत घेतल्याशिवाय किल्ली निघत नाही. इंग्लंडमध्ये ॲनेटनं 1875 मध्ये पेटंट घेतलेल्या किल्लीचंच तत्त्व. टॅपेटच्या खुंटीऐवजी इथं नकार माणसाच्या खिशातून प्रवास करतो. सुरक्षितता तेवढीच, फक्त वेळ सांधेवाल्याच्या पायांच्या वेगानं लागतो. स्थानकाआधीच्या होम सिग्नलबाहेर ताटकळलेल्या पॅसेंजरमधल्या उतारूंनी ज्याच्या नावानं बोटं मोडली, तो विलंब पुष्कळदा या चालण्याचा असायचा.

मोठ्या स्थानकांवर केबिन आल्या. लिव्हर ओढायला दोन्ही हात आणि एक पाय चौकटीला टेकवून जोर लावावा लागे. आपल्याकडच्या उन्हात तारा इतक्या सैल पडत, की दुपारी सिग्नलचा हात पुरता वळत नसे. तार कमी-जास्त करायचा स्क्रू फिरवणं हा केबिनमनच्या दिवसाचाच भाग होता. लोखंडी भागांची देखभाल करणारे कारखाने उभे राहिले. मध्य रेल्वेचं भायखळ्याचं सिग्नल वर्कशॉप त्यांपैकीच.

मुंबईत गर्दीनं हाताच्या दांड्यांना लवकर मागं टाकलं. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून विजेची गाडी सुटली. 1928 मध्ये व्हीटी-भायखळा पट्ट्यात देशातले पहिले आपोआप चालणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल लागले. 1958 मध्ये चर्चगेटला रूट रिले इंटरलॉकिंग आलं: नकाशावरची दोन बटणं दाबली की त्या वाटेवरचे सगळे सांधे आपोआप फिरतात आणि सिग्नल पडतो. खाचांची जागा रिलेच्या संपर्कांनी घेतली. आता पुष्कळ ठिकाणी तीही संगणकानं घेतली आहे. तक्ता मात्र तोच: कोणी कोणाला अडवायचं.

नकार कुठं हरवतो

2 जून 2023 ला ओडिशातल्या बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, आणि सांधा लूपकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, वळलेला होता. लूपवर मालगाडी उभी होती. 290 हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीचा निष्कर्ष पुढं संसदेत मांडला गेला: स्थानकाच्या उत्तरेकडच्या सिग्नल गुमटीत पूर्वी केलेल्या तारांच्या फेरबदलात, आणि त्या दिवशी फाटकाचा विजेचा अडथळा बदलण्याच्या कामात चुका झाल्या होत्या. इंटरलॉकिंगला सांधा सरळ असल्याची बातमी मिळत होती. त्या बातमीवर त्यानं नियमाप्रमाणे, अचूक निर्णय दिला.

सिग्नल एका वाटेचा आणि सांधा दुसऱ्या वाटेचा, हेच थोपवायला हे यंत्र जन्माला आलं. ते पुन्हा घडलं ते यंत्र मोडल्यामुळे नव्हे. दांडा आणि रूळ यांच्यामधलं जे अंतर डिटेक्टरनं बुजवलं होतं, ते तारेच्या एका चुकीच्या जोडणीनं पुन्हा उघडलं. लोखंडी चौकटीत नियम बदलायचा तर पट्टी बाहेर काढून नवी खाच कापावी लागे. ते काम अवघड, वेळखाऊ आणि सगळ्यांना दिसणारं होतं. तार एका टोकावरून काढून दुसऱ्या टोकावर लावायला काही मिनिटं पुरतात, आणि पेटी बंद झाली की बाहेरून सगळं पूर्वीसारखंच दिसतं.

म्हणून ज्या कामात लोखंड आडवं येत नाही, तिथं कागद आडवा घालावा लागतो: मंजूर नकाशाशिवाय तार काढायची नाही, काम करताना स्टेशन मास्तरला लेखी डिस्कनेक्शन मेमो द्यायचा, आणि काम झाल्यावर प्रत्येक सांधा दोन्हीकडे फिरवून, रुळाशेजारी माणूस उभा करून, पडद्यावर दिसतं तेच जमिनीवर आहे याची खात्री करायची. हे नियम आपल्याकडे आहेत, पण घाईत ते गाळता येतात. 1870 च्या दशकातल्या कंपन्या माणसाच्या सावधपणावर विसंबायला सांगत होत्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर सांधेवाला होता. त्याच्या हातून चूक होऊ नये याची सोय यंत्रानं केली. चूक करण्याची मुभा आता पेटी उघडणाऱ्या माणसाकडे आणि त्याला घाई करणाऱ्या साहेबाकडे आहे, आणि त्यांना नाही म्हणणारा टॅपेट अजून कुणी बनवलेला नाही.